स्वस्त ब्लूटूथ हेडसेट : खोक्यावरचे आकडे आणि गिऱ्हाइकाची गरज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलच्या पडद्यावर ब्लूटूथ नेकबँड आणि इअरबड्सच्या जाहिरातींचा पूर येतो. मूळ किंमत चार हजार, सवलतीत नऊशे नव्याण्णव, चाळीस तासांची बॅटरी, अमुक मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), तमुक आवृत्तीचे ब्लूटूथ, असा मजकूर त्यांत ठरलेला असतो. सांगलीत मोबाइल दुरुस्तीचे आणि ॲक्सेसरीजचे छोटे दुकान चालवणारा व्यावसायिक या नात्याने मी ही उपकरणे विकतो, बंद पडली की उघडतो आणि जमली तर दुरुस्तही करतो. हजार-बाराशे रुपयांच्या आत उत्तम चालणारा हेडसेट मिळू शकतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र तो निवडायला जी माहिती लागते ती खोक्यावर छापलेली नसते आणि जी छापलेली असते तिचा निवडीला फारसा उपयोग होत नाही, ही माझी तक्रार आहे. आणि ज्यांना हजार रुपये खर्चताना दोनदा विचार करावा लागतो त्यांनाच याचा फटका सर्वांत जास्त बसतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी ज्याने-त्याने एवढे ठरवावे, की हेडसेट मुख्यतः बोलण्यासाठी हवा आहे की ऐकण्यासाठी. ब्लूटूथमध्ये या दोन कामांच्या वाटाच वेगळ्या आहेत. गाणी ऐकताना आवाज फोनकडून कानाकडे एकाच दिशेने जातो, त्यामुळे त्याला भरपूर जागा मिळते. फोनवर बोलायला सुरुवात केली की आवाज दोन्ही दिशांनी धावू लागतो आणि प्रत्येक दिशेच्या वाट्याला थोडीच जागा येते. जुन्या पद्धतीत बोलण्याच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात, नंतरच्या सुधारित पद्धतीत ते १६,००० झाले. सीडीवरच्या संगीतासाठी हाच आकडा ४४,१०० आहे. दुपारी ज्या हेडसेटवर गाणे सुरेल वाजते त्याच हेडसेटवर संध्याकाळी ऑनलाइन वर्गातले शिक्षक डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येतात, त्याचे कारण हे आहे. वस्तू बिघडलेली नसते. विद्यार्थ्यांचे पालक ही तक्रार घेऊन दुकानात येतात तेव्हा त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि ती विकत घेण्यापूर्वीच कोणीतरी सांगायला हवी होती असे दर वेळी वाटते.

महाग हेडसेटमध्ये चालणारे ब्लूटूथ वेगळे आणि स्वस्तातले वेगळे, असा एक समज आहे, तोही दूर व्हायला हवा. एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी १९९८ मध्ये एकत्र येऊन या तंत्राचे सामाईक नियम ठरवणारी संस्था स्थापन केली, ती याचसाठी, की कोणाचाही फोन कोणाच्याही हेडसेटशी जोडता यावा. संगीतासाठी एसबीसी नावाची एक मूलभूत कोडेक (आवाज आटवून पाठवण्याची) पद्धत या नियमांनुसार सर्वांनाच द्यावी लागते आणि नीट बसवली असेल तर ती रोजच्या ऐकण्याला पुरेशी असते. त्यापुढची एएसी आयफोनवर चांगली चालते. एलडीएसी किंवा ॲप्टएक्स अशा पद्धतींसाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर त्या आपल्या फोनमध्येही आहेत ना, हे आधी सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. फोनमध्ये नसतील तर हेडसेटमधल्या सोयीचे पैसे वाया जातात.

आता बोलण्याविषयी. आमच्या पेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत. हात मशीनवर असतात आणि गिऱ्हाइकांचे फोन दिवसभर चालू असतात, म्हणून त्यांनी ऑनलाइन इअरबड्स मागवले. खोक्यावर ठळक अक्षरांत 'एएनसी' लिहिलेले होते आणि आवाज कमी करणारे तंत्र आहे एवढे त्यांनी ऐकले होते. इअरबड्स कानात घातले की त्यांना स्वतःला मशीनची घरघर खरोखरच कमी ऐकू येई; पण पलीकडचा माणूस म्हणे, "ताई, आधी मशीन बंद करा, काही कळत नाही." त्या दुकानात आल्या तेव्हा वस्तू सदोष आहे असे त्यांना वाटत होते. वस्तूत दोष नव्हता. एएनसी हे ऐकणाऱ्याच्या कानासाठी असते: बाहेरचा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडली जाते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. बसचे इंजिन, पंखा, मशीनची मोटार यांवर ते चांगले चालते, माणसांच्या बोलण्यावर फारसे चालत नाही. आपल्या माइकमधून पलीकडे जाणाऱ्या आवाजातला गोंगाट गाळणारे तंत्र वेगळे, त्याला 'ईएनसी' म्हणतात. ताईंना गरज होती ती ईएनसीची, आणि ती त्याहून कमी किमतीच्या नेकबँडमध्ये भागली, कारण नेकबँडचा माइक तोंडाच्या जवळ लोंबतो, तर इअरबडचा माइक कानाशीच असतो आणि तिथून तोंडाकडचा आवाज निवडून घ्यायचे काम जास्त कठीण असते. दोन्ही अक्षरसमूह खोक्यावर शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि कोणते कोणाच्या उपयोगाचे हे एका ओळीनेही सांगितलेले नसते.

यावर माझा उपाय साधा आहे. दुकानातून घेणार असाल तर हेडसेट आपल्या स्वतःच्या फोनला जोडून घ्या, दुकानाबाहेर रहदारीच्या कडेला उभे राहा आणि घरी फोन लावा. स्वतःला काय ऐकू येते यापेक्षा पलीकडच्याला काय ऐकू येते ते विचारा. दुकानदाराने याला नकार दिला तर पुढचे दुकान गाठा. ऑनलाइन खरेदीत ही सोय नसते, शिवाय कानात घालायची वस्तू असल्याने अनेक ठिकाणी ती फक्त बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून मागवण्यापूर्वी परतीची अट वाचावी आणि अभिप्राय वाचताना आवाजाच्या स्तुतीऐवजी 'समोरच्याला ऐकू येत नाही' असे किती जणांनी लिहिले आहे ते पाहावे.

बॅटरीच्या तासांचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इअरबड्सच्या खोक्यावर 'चाळीस तास' असे लिहिलेले असते तेव्हा त्यात इअरबड्स ठेवायच्या चार्जिंगच्या डबीतून पुन्हा-पुन्हा भरून मिळणारा सगळा चार्ज धरलेला असतो. एकदा भरलेला इअरबड सलग चार-पाच तास चालला तरी पुष्कळ, कारण त्यातली बॅटरी साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर-तासांची, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी असते. आवाज मोठा ठेवला, सतत बोलणे चालू राहिले किंवा एएनसी सुरू ठेवले की तेही तास कमी होतात. नेकबँडमध्ये बॅटरीला जागा असते, ती शंभर ते अडीचशे मिलिअँपिअर-तासांपर्यंतची असते आणि एका चार्जवर वीस तास सहज काढते. हे एवढ्यावरच संपत नाही. लिथियम बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून-रिकामी झाली की तिची क्षमता लक्षणीय घटते. रोज आठ तास हेडसेट वापरणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाने चार तास चालणारे इअरबड्स घेतले तर दिवसाला भरण्या-रिकामे होण्याच्या दोन फेऱ्या होतात, म्हणजे पाचशे फेऱ्या सुमारे आठ महिन्यांत संपतात. त्यानेच वीस तासांचा नेकबँड घेतला तर एक फेरी अडीच दिवस पुरते आणि त्याच पाचशे फेऱ्यांना तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. बॅटरी वयानेही थकते, त्यामुळे प्रत्यक्षात इतका सरळ भागाकार चालत नाही. तरीही 'वर्षभरातच बॅकअप गेला' या तक्रारी इअरबड्सच्याच का जास्त येतात ते या हिशेबावरून कळते. ज्याचा वापर दिवसाला तास-दीड तासाचा आहे त्याने इअरबड्स खुशाल घ्यावेत. ज्याचे पोट फोनवर चालते त्याने नेकबँडच घ्यावा, मग तो दिसायला जुन्या पद्धतीचा का वाटेना.

दुरुस्तीच्या दृष्टीनेही हाच कौल मिळतो. नेकबँडच्या दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन डब्या असतात. सांध्यात पातळ पाते घालून गोंद सोडवला की एका डबीत पट्टीसारखी बॅटरी आणि दुसरीत सर्किट दिसते. दोन्हींना जोडणाऱ्या केसासारख्या तारा मानेवरच्या रबरी नळीतून गेलेल्या असतात. बॅटरीवर ४०१२३० असा काहीतरी आकडा असतो, त्याचा अर्थ ४ मिलिमीटर जाड, १२ रुंद आणि ३० लांब. त्याच मापाची नवी बॅटरी मिळाली की लाल आणि काळी तार डागून नेकबँड पुन्हा पहिल्यासारखा चालू होतो आणि खर्च नव्याच्या तुलनेत किरकोळ येतो. तार तुटते तीही बहुधा ठरलेल्या जागी, रबरी नळी कडक डबीला मिळते तिथे किंवा कानाच्या बोंडापाशी. म्हणून नेकबँड गुंडाळून खिशात कोंबू नये आणि बोंडाला धरून ओढू नये. इअरबडचे तसे नाही. त्याचे कवच चिकटवून कायमचे बंद केलेले असते, उघडताना बहुतेकदा फुटते, आणि आत जागा इतकी थोडी असते की बॅटरी बदलणे अवघड जाते. एक बड हरवला तर तेवढाच एक विकत मिळेल का आणि कितीला, हे विकत घेताना सांगता येईल असा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

एक गोष्ट मात्र इअरबड्स फेकून देण्यापूर्वी प्रत्येकाने करून पाहावी. 'डावा बड बंद पडला' म्हणून येणाऱ्या कितीतरी नगांमध्ये बिघाड असतो तो फक्त मळाचा. घामातले क्षार बडवरच्या आणि डबीतल्या सोनेरी पिनांवर साचतात, पिना काळ्या-हिरव्या पडतात, बड डबीत ठेवला तरी चार्जच होत नाही. कोरड्या मऊ ब्रशने किंवा कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन त्या पुसल्या आणि माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे बटण दाबून धरून रीसेट केले, की तो बड पुष्कळदा पुन्हा बोलू लागतो.

ब्लूटूथच्या आवृत्तीच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगतो. ५.० ही आवृत्ती २०१६ मध्ये आली तेव्हा 'दुप्पट वेग, चौपट पल्ला' अशी जाहिरात झाली, पण ती सुधारणा कमी ऊर्जेवर चालणाऱ्या घड्याळांसारख्या उपकरणांच्या वाटेची होती. गाणी आणि फोन आजही बहुतेक हेडसेटमध्ये जुन्याच वाटेने जातात. आवाजाच्या दृष्टीने खरा बदल २०२० मध्ये ५.२ सोबत आलेल्या एलई ऑडिओने आणि त्यातल्या एलसी-३ कोडेकने झाला, परंतु तो ऐच्छिक आहे, त्यामुळे ५.३ किंवा ५.४ लिहिलेल्या हेडसेटमध्ये तो असेलच असे नाही, आणि फोनमध्येही तो असल्याशिवाय उपयोग नाही. ड्रायव्हरच्या मिलिमीटरवरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. आवाज तुटत असेल तर आवृत्तीला दोष देण्याआधी फोन कुठे ठेवला आहे ते पाहावे: ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात आणि पाण्याने भरलेले आपले शरीर त्या शोषून घेते, त्यामुळे पँटच्या मागच्या खिशातला फोन आणि दुसऱ्या बाजूच्या कानातला बड यांचे जमत नाही. फोन वरच्या खिशात आणला की निम्म्या तक्रारी मिटतात.

पाण्याविषयीच्या अक्षरांचा अर्थही सांगायला हवा, कारण आपल्याकडचा पावसाळा आणि घाम दोन्ही कडक असतात. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, ५ म्हणजे पाण्याची हलकी धार सहन होते आणि ७ म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास तग धरतो. मधल्या 'एक्स'चा अर्थ धुळीची चाचणी केलेली नाही एवढाच आहे. इअरबड्सच्या बाबतीत हा दर्जा सहसा बडपुरता असतो, डबीला तो क्वचितच लागू होतो. भिजलेले बड तसेच डबीत ठेवणे किंवा ओला नेकबँड चार्जिंगला लावणे हे बिघाडाचे सर्वांत हमखास कारण आहे.

वायरवाला इअरफोन टाकाऊ झाला, असे मानण्याचेही काही कारण नाही. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढून टाकले आणि इतर कंपन्यांच्या महाग फोनमधूनही ते हळूहळू नाहीसे झाले. तरी आपल्याकडच्या परवडणाऱ्या अनेक फोनमध्ये ते अजून आहे. ज्यांना फक्त घरी बसून कीर्तन, बातम्या किंवा अभ्यासाचे व्हिडिओ ऐकायचे आहेत त्यांना तीन-चारशे रुपयांचा माइकसह वायरवाला इअरफोन हजारांच्या ब्लूटूथपेक्षा स्वच्छ आवाज देतो आणि त्याची बॅटरी कधीच संपत नाही. त्यातही आकाशवाणीचे एफएम फोनवर ऐकणाऱ्या ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे, की फोनमधल्या रेडिओला ॲन्टेना म्हणून हीच वायर लागते. ब्लूटूथ हेडसेटला ते काम जमत नाही, त्यामुळे नवा हेडसेट आणल्यावर रेडिओ लागेनासा झाला तर फोन बिघडलेला नसतो.

हेडसेटबरोबर खपणाऱ्या इतर वायरलेस वस्तूंमध्ये काही खरोखर उपयोगी आहेत. घरातल्या जुन्या स्टिरिओला किंवा गाडीतल्या ऑडिओला ऑक्स छिद्र (बाहेरचा आवाज जोडण्याची जागा) असेल तर काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर लावून त्यावर फोनची गाणी वाजवता येतात, नवी यंत्रणा घ्यावी लागत नाही. वायरलेस चार्जिंग पॅडच्या वाटेला मात्र फोन तपासल्याशिवाय जाऊ नये. फोनच्या पाठीत त्यासाठी तांब्याच्या तारेचे वेटोळे असावे लागते आणि परवडणाऱ्या बहुतेक फोनमध्ये ते नसते. टाइप-सी पोर्टची एक अडचण तर आठवड्याला कोणी ना कोणी घेऊन येते: नवा नेकबँड फोनच्या टाइप-सी ते टाइप-सी केबलने चार्जच होत नाही. पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर बसवावे लागतात, त्यांवरून चार्जरला समोर उपकरण आहे हे कळते. काही स्वस्त मालात तेवढी काटकसर केलेली असते आणि मग चार्जर वीजच सोडत नाही. अशा वेळी एका टोकाला जुने रुंद यूएसबी असलेली केबल साध्या चार्जरला लावली की काम होते. खोक्यासोबत तीच केबल आली असेल तर ती जपून ठेवावी.

कायद्याने गिऱ्हाइकाच्या हाती काही साधने दिली आहेत, त्यांचा वापर फार कमी होतो. वायरलेस हेडफोन आणि इअरफोन हे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. वस्तूवर किंवा खोक्यावर ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. 'बीआयएस केअर' या मोफत ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. खोक्यावरचे नाव आणि ॲपमधले उत्पादन जुळत नसेल तर घेऊ नये. नामवंत कंपन्यांच्या हुबेहूब नकला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडपासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत पाचशे रुपयांत मिळतात. फोनजवळ नेल्या की पडद्यावर अस्सल कंपनीचे चित्रसुद्धा उमटते, म्हणून चित्रावर विसंबू नये. आतल्या लिथियम बॅटरीची तपासणी झालेली नसेल तर प्रश्न पैशांचा राहत नाही, ती वस्तू कानाजवळ असते. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क खोक्यावर बंधनकारक आहे, आयात मालावर मूळ देशही. चार हजारांची कमाल किंमत छापून नऊशेला विकण्यास कायद्याने आडकाठी नाही, कारण कमाल किंमत ही वरची मर्यादा आहे. म्हणूनच खोडलेल्या किमतीवरून सवलत मोजू नये, त्याच गुणांच्या दोन-तीन वस्तूंच्या चालू किमती शेजारी ठेवून पाहाव्यात.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी सहा महिन्यांची की वर्षाची, सेवा केंद्र जिल्ह्यात आहे की वस्तू कुरिअरने पाठवायची आणि तो खर्च कोणी करायचा, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. माझ्या एका गिऱ्हाइकाला नऊशे रुपयांच्या हेडसेटसाठी दुसऱ्या शहरातल्या केंद्राचा पत्ता दिला गेला. जाण्या-येण्याच्या भाड्यात वस्तूची निम्मी किंमत गेली असती, म्हणून त्याने तो नाद सोडला. अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते, आणि तेवढ्याने न भागल्यास पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दाव्याला शुल्क लागत नाही. नऊशे रुपयांसाठी कोण इतके करणार, असे लोक म्हणतात. विक्रेतेही तेच गृहीत धरून चालतात, म्हणून निदान हेल्पलाइनवर तक्रार तरी नोंदवावीच.

कानांच्या आरोग्याविषयी पालकांना एक आकडा माहीत असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे, मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला प्रौढांचे ४० तासांचे ५ तासच उरतात. एसटीत किंवा लोकलमध्ये इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी मुले आवाज पूर्ण वाढवतात. कानात घट्ट बसणारी, योग्य मापाची रबरी टोपी लावली तर बाहेरचा आवाज आपोआप अडतो आणि कमी आवाजातही शब्द कळतात. म्हणून खोक्यात दिलेल्या तिन्ही मापांच्या टोप्या लावून पाहाव्यात. दुचाकी चालवताना आणि रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळेच हवेत.

आता मूळ तक्रारीकडे. एका चार्जवर सलग किती तास बोलता येते, एक बड हरवल्यास किती रुपयांना मिळतो, बॅटरी बदलून मिळते की नाही, आणि गोंगाटात माइक कसा चालतो, या चार गोष्टी मराठीत, खोक्याच्या दर्शनी बाजूला छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. हे अशक्य नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढून बदलता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले असून मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे त्याच्या कक्षेत आहेत. इअरबड्स आणि नेकबँडची सुटी बॅटरी व सुटे बड यांची किंमत त्यावर टाकायला लावणे हे त्याच दिशेचे पुढचे पाऊल ठरेल. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर ई-कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे, पण बंद पडलेले इअरबड्स कुठे द्यायचे हे तालुक्याच्या गावी कोणालाच सांगता येत नाही. ते ओल्या कचऱ्यात जातात आणि त्यांतल्या बॅटऱ्या कचरागाडीत दाबल्या जातात.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामूहिक खरेदीचा आणि माल पारखून घेण्याचा जो धडा घालून दिला आहे तो किराण्यापुरता राहू नये. हजार-दीड हजार रुपयांच्या आतले काही हेडसेट बाजारातून स्वतः विकत घेऊन, रहदारीत, एसटीत आणि शिलाई मशीनजवळ त्यांवर बोलून पाहून, आलेले निष्कर्ष दिवाळीच्या आधी आपल्या पुरवणीत छापावेत. तपासणीसाठी ती उपकरणे उघडून आतली बॅटरी मोजून देण्याचे काम मी आणि माझ्यासारखे दुरुस्ती करणारे विनामूल्य करू.

आपला विश्वासू,
मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, सांगली